एकच सुटका, दोनदा

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या घराला शेवटचं कुलूप लागलं. घर विकलं होतं, सामान टेम्पोत चढलं होतं, फक्त आजी आत होती. तिची त्या घरातली शेवटची काही मिनिटं दोन फोनवर शूट झाली. आतेभाऊ आत होता. त्याच्या क्लिपमध्ये आजी देवघरासमोर बसते, एकेक देव उचलून पुसते, डब्यात ठेवते, मग झाकण न लावता तशीच बसून राहते आणि शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठते. मी अंगणात होतो. माझ्या क्लिपमध्ये बराच वेळ नुसतं दार आहे, ओसरीवर ताटकळलेले काका आहेत, आणि मग दारात आजी.

त्या रात्री पुण्याला परतल्यावर मी दोन्ही क्लिप एडिटिंग अॅपच्या टाइमलाइनवर टाकल्या. पुढचं हातांनी आपोआपच केलं. आजीचा हात देवावर. कट. काका घड्याळ बघताहेत. कट. डब्याचं झाकण. कट. दार. कट. दारात आजी. सहा मिनिटांचं दीड मिनिट झालं. फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर ‘एकदम पिक्चरसारखं झालंय’ असे मेसेज आले. आजीला मी ते स्वतः दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “छान केलंयस रे. पण मी देवापाशी किती वेळ बसले होते! तू मला लगेच दारात आणलंस.”

मी काही बोललो नाही. पण हे ‘पिक्चरसारखं’ म्हणजे नक्की काय, आणि ते कधी ठरलं, हा प्रश्न डोक्यात राहिला. आत आणि बाहेर एकाच वेळी काहीतरी घडत असेल, तर आळीपाळीने दाखवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी इंजिनियर आहे, फिल्म स्कूलला गेलेलो नाही. तरी माझ्या बोटांना ते माहीत होतं. रात्री उशिरापर्यंत शोधत, वाचत मी जिथे पोहोचलो, तो सहा मिनिटांचा एक सिनेमा होता. १९०३ सालचा. त्यातही एक घर आहे, एक बाई आत आहे, आणि कॅमेरा एकदा आत आहे, एकदा बाहेर.

सिनेमाचं नाव ‘लाइफ ऑफ अॅन अमेरिकन फायरमन’. बनवला एडविन पोर्टर या माणसाने, एडिसनच्या कंपनीसाठी. जानेवारी १९०३ मध्ये तो बाहेर आला. यूट्यूबवर आहे, हे वाचून झाल्यावर जरूर बघा. गोष्ट दोन ओळींची: एका घराला आग लागते, बंब येतो, आत अडकलेल्या आई आणि मुलाला अग्निशामक दलाचा जवान वाचवतो.

यात एकूण नऊ शॉट आहेत. खुर्चीत डुलकी घेणारा जवान आणि त्याच्या स्वप्नात एक आई आणि मूल. मग आगीची सूचना देणारी रस्त्यावरची पेटी अगदी जवळून, ती उघडून आतला आकडा ओढणारा हात. जवान झोपेतून उठून खांबावरून खाली घसरतात. खाली घोड्यांचे बंब तयार होतात. बंब बाहेर पडतात, रस्त्यावरून धावतात, जळत्या घरापाशी येतात. इथपर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. मग आठवा शॉट येतो.

आपण खोलीच्या आत आहोत. धूर भरलाय. आई उठते, खिडकीकडे धाव घेते, मदतीसाठी हात हलवते आणि कोसळते. जवान दार फोडून आत येतो, खिडकी फोडतो, तिला खांद्यावर टाकून खिडकीतून शिडीवर जातो. काही क्षणांनी तोच परत येतो, मुलाला उचलतो, पुन्हा जातो. मग पाण्याचा पाइप घेऊन आणखी जवान येतात. शॉट संपतो. आई वाचली, मूल वाचलं.

आणि नववा शॉट सुरू होतो तेव्हा आपण बाहेर रस्त्यावर आहोत, आणि आई पुन्हा खिडकीत उभी राहून हात हलवते आहे! जी सुटका आपण आत्ताच पाहिली, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा घडते. या वेळी बाहेरून. जवान दारातून आत शिरतो, शिडी लागते, तो आईला घेऊन उतरतो. खाली आल्यावर ती शुद्धीवर येते आणि हात जोडून विनवते, आत माझं मूल आहे. तो पुन्हा चढतो, मुलाला घेऊन येतो. आईच्या कुशीत मूल, सिनेमा संपला.

पहिल्यांदा बघताना मला वाटलं की फाइलच खराब आहे, काहीतरी दोनदा जोडलं गेलंय. असं वाटणारा मी पहिला नव्हतो. आणि या सिनेमाच्या बाबतीत ती चूक चांगलीच महागात पडली.

कारण विसाव्या शतकाच्या मध्यात सिनेमाचा इतिहास शिकलेल्या माणसाला हा सिनेमा वेगळाच माहीत होता. १९३९ मध्ये लुईस जेकब्स या अमेरिकन लेखकाने आपल्या देशाच्या सिनेमाचा मोठा इतिहास लिहिला. त्यात कथा सांगणाऱ्या संकलनाचं जनकत्व त्याने पोर्टरला दिलं, आणि पुरावा म्हणून हाच सिनेमा पुढे केला. त्याच्यासमोर होती कंपनीच्या कॅटलॉगमधली माहिती आणि काही स्थिरचित्रं. पुढे १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला या सिनेमाची एक प्रत मिळाली. त्या प्रतीत शेवटची सुटका एकदाच होती, आत आणि बाहेर आळीपाळीने कापलेली. खोलीत जवान आईला उचलतो, कट, बाहेर शिडीवरून उतरतो, आई विनवते, कट, आत तो मुलाला उचलतो. म्हणजे आज याला क्रॉसकटिंग म्हणतात ते, अगदी नीटनेटकं. इतिहासाला हवा होता तो पुरावा हाती आला. वर्गांमधून तो शिकवला गेला: क्रॉसकटिंग पोर्टरने १९०३ मध्ये शोधून काढलं.

घोळ उघड झाला तो कागदामुळे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९१२ पर्यंत सिनेमा असा प्रकारच नव्हता. छायाचित्र मात्र होतं. त्यामुळे कंपन्यांनी युक्ती केली. अख्ख्या सिनेमाची प्रत्येक फ्रेम फोटोच्या कागदाच्या लांबच लांब पट्टीवर छापायची, तिची गुंडाळी करायची आणि ‘ही छायाचित्रं’ म्हणून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायची. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते, आणि नाही पेटली तरी कुजते. हजारो सिनेमे असेच गेले. कागद मात्र शांतपणे तळघरात पडून राहिला. १९५० च्या दशकात केंप नायव्हर या माणसाने त्या गुंडाळ्यांचे एकेक करून पुन्हा फोटो काढले आणि तीन हजारांच्या आसपास सिनेमे परत फिल्मवर आणले. आगीवरचा हा सिनेमाही त्यात होता. आणि त्या प्रतीत सुटका दोनदा होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे इथे माझे कान टवकारले. आमच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल नोंदला जातो: कुणी, कधी, काय बदललं. पण तीच व्यवस्था वापरून जुनी नोंद पुसून नवी, नीटनेटकी नोंद तिच्या जागी ठेवताही येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच होतं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका टीममध्ये कुणीतरी चांगल्या हेतूने असंच केलं, आणि एक बग नक्की कधी शिरला हे शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. इथे तर प्रश्न काही दशकांचा होता. नंतरच्या काळात कुणीतरी पोर्टरची रिळं हाती घेतली, त्याला ती ‘जुनाट’ वाटली, आणि त्याने कात्री चालवून ती आपल्या काळाच्या सवयीप्रमाणे दुरुस्त केली. त्या हातांचं नाव कुठेच नाही.

तरीही वाद लगेच मिटला नाही. काहींचं म्हणणं होतं की कागदावरची प्रत म्हणजे कच्चा माल, कॉपीराइटसाठी घाईने जमा केलेला. संकलन नंतर झालं असेल. थांबून बघा, या युक्तिवादाच्या मुळाशी काय आहे ते. दोनदा दाखवणं ही निवड असू शकते, हेच कुणाला पटत नव्हतं. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे जगभरच्या फिल्म संग्रहालयांची परिषद भरली. १९०० ते १९०६ या काळातले शेकडो सिनेमे तिथे एकापाठोपाठ एक दाखवले गेले. त्याच सुमाराला चार्ल्स मसर आणि आंद्रे गोद्रो या तरुण अभ्यासकांनी पोर्टरच्या प्रतींचा बारकाईने अभ्यास मांडला. दुसरीकडे सापडलेली आणखी एक जुनी प्रतही कागदाच्या प्रतीशी जुळली. निकाल लागला: दोनदाच होतं, आणि ते मुद्दाम होतं.

मुद्दाम का? याचं उत्तर पोर्टरच्या आधीच्या नोकरीत आहे. एडिसनकडे येण्यापूर्वी तो न्यूयॉर्कमधल्या ईडन म्युझे या करमणुकीच्या ठिकाणी सिनेमे दाखवायचा. तेव्हा सिनेमे एकेका शॉटचे यायचे, आणि कुठला आधी लावायचा, कुठला नंतर, हे दाखवणारा ठरवायचा. म्हणजे आज ज्याला आपण संकलन म्हणतो, ते तेव्हा थिएटरात होत होतं. पोर्टर शॉट निवडायला शिकला तो कात्री हातात घेण्याआधी, प्रोजेक्टरपाशी उभं राहून. त्याच्या लेखी प्रत्येक शॉट ही एक पूर्ण वस्तू होती, सुरुवात आणि शेवट असलेली. मध्येच तोडणं म्हणजे ती मोडणं.

याचा एक गमतीदार पुरावा त्याच वर्षीचा आहे. पोर्टरच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ मध्ये एक शॉट आहे: डाकू थेट कॅमेऱ्याकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. कथेत त्याला जागा नाही. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये थिएटरवाल्यांना सरळ सांगितलं होतं की हा शॉट सुरुवातीला लावा किंवा शेवटी लावा, तुमची मर्जी.

घटना पुन्हा दाखवणंही तेव्हा विचित्र नव्हतं. १९०२ च्या मेलिएसच्या ‘अ ट्रिप टू द मून’ मध्ये यान चंद्राच्या डोळ्यात घुसतं, आणि पुढच्याच शॉटमध्ये ते चंद्राच्या जमिनीवर पुन्हा उतरतं. पोर्टरच्याच सिनेमात जवान खांबावरून खाली घसरून जातात, पुढच्या शॉटमध्ये खालची जागा रिकामी असते आणि मग ते वरून पुन्हा घसरत येतात.

बरं, दुसरा मार्ग माहीतच नव्हता असंही नाही. इंग्लंडमध्ये जेम्स विल्यमसनने १९०१ मध्येच ‘फायर!’ नावाचा सिनेमा केला होता. त्यात जवान माणसाला घेऊन खोलीच्या खिडकीतून निघतो आणि पुढच्या शॉटमध्ये बाहेरून त्याच खिडकीतून उतरतो. सलग. आज आपण करू तसंच. म्हणजे १९०३ मध्ये दोन रस्ते समोर होते. इतिहास सरळ पायऱ्या चढत वर गेला असं नाही.

आणि दोनदा दाखवण्याची पद्धत आपल्याला परकी वाटत असेल तर क्रिकेट आठवा. धावबादचं अपील होतं. आपण ते गोलंदाजाच्या मागच्या कॅमेऱ्यातून बघतो. मग बाजूने बघतो. कुणीही म्हणत नाही की हा फलंदाज दोनदा कसा धावला. पुन्हा बघतो, कारण दुसऱ्या जागेवरून बॅट आणि रेषा दिसते. पोर्टरचा नववा शॉट तसाच आहे. आतून बघताना जवान मुलासाठी परत येतो, पण का येतो हे कळत नाही. बाहेरच्या शॉटमध्ये आई हात जोडते तेव्हा कळतं. उत्सुकता संपलेली असते, कारण निकाल माहीत असतो. उरतं ते बघणं.

मग क्रॉसकटिंग आलं कुठून? पोर्टरनंतर काही वर्षांत, अनेक हातांतून. १९०८ मध्ये पाते कंपनीच्या एका फ्रेंच सिनेमात डॉक्टरला खोटा निरोप देऊन घराबाहेर काढतात आणि चोर त्याच्या घरात शिरतात. सिनेमा घर आणि डॉक्टर यांच्यात ये-जा करतो. १९०९ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथने जवळपास तीच गोष्ट ‘द लोनली व्हिला’ मध्ये केली: आत आई आणि मुली, दारावर चोर, दूरवर टेलिफोन धरलेला बाप. आत, बाहेर, दूर. आत, बाहेर, दूर. पोहोचेल का? या एका प्रश्नावर पुढचं शतक चाललं. हिंदी सिनेमात शेवटच्या क्षणी दार फोडून येणारा हिरो याच वाटेने आला.

यात काय मिळालं हे उघड आहे: ताण, वेग, श्वास रोखून बघणं. काय गेलं, ते मला आजीच्या वाक्यामुळे दिसलं. क्रॉसकटिंगमध्ये कुठल्याही जागेला स्वतःचा पूर्ण वेळ मिळत नाही. खोलीतून बाहेर कट केला की खोलीतले मधले क्षण गुपचूप गाळता येतात, आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी काकांच्या घड्याळावर कट केला तेव्हा कथेला काका हवे होते म्हणून केला नव्हता. आजीची बसून राहिलेली दोन मिनिटं लपवायला मला एक पडदा हवा होता. शॉट निवडताना आपण काय दाखवायचं एवढंच ठरवत नाही. कुणाचा वेळ कापायचा, तेही ठरवतो.

दोनदा दाखवणारे पुढेही होतेच. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) मध्ये चिडलेला खलाशी बशी आपटतो, ती हालचाल तुकड्यातुकड्यांत, एकमेकांवर चढत येते. जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’ (१९८५) मध्ये तो मॉलमधल्या दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून खाली घसरतो, आणि ते आपल्याला लागोपाठ तीनदा दिसतं, तीन कोनांतून. कारण त्याने ते खरंच केलंय, आणि ते नीट बघितलं जावं असं त्याला वाटतं. खांबावरून घसरणाऱ्या पोर्टरच्या जवानांची मला तेव्हा हमखास आठवण येते.

ही भानगड फक्त अमेरिकेची, असंही समजू नका. दरवर्षी ३ मेला आपल्या फोनवर ‘राजा हरिश्चंद्र’ची क्लिप फिरते, ‘भारताचा पहिला सिनेमा, १९१३’ या मथळ्याने. चार रिळांच्या त्या सिनेमातली पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत. आणि अनेक अभ्यासकांच्या मते ती १९१३ ची नाहीतच. फाळक्यांनी १९१७ मध्ये तोच सिनेमा पुन्हा केला, त्याची ती आहेत. फरक चारच वर्षांचा, पण ती वर्षं कुठली? जगभर शॉट निवडण्याची पद्धत झपाट्याने बदलत होती ती. सरस्वतीबाईंनी रात्री जागून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडून द्यायची आणि फाळक्यांनी त्यावर चित्रण करायचं, अशा काळातल्या माणसाने पहिल्या खेपेला कॅमेरा कुठे ठेवला, शॉट कुठे संपवला, हे ती क्लिप बघून खात्रीने सांगता येत नाही. इथे पडताळून बघायला कागदाची गुंडाळी नाही.

पोर्टरची रिळं दुरुस्त करणारा तो अनामिक माणूस वाईट नव्हता. त्याला सिनेमा आवडत असणार, म्हणूनच त्याने तो सुधारला. मीही त्या रात्री तेच केलं होतं. फरक इतकाच की माझ्याकडे मूळ क्लिप शाबूत होत्या.

मग मी दुसरी आवृत्ती केली. आधी आतेभावाची क्लिप, पूर्ण, एकही कट न करता. देव, डबा, बसून राहणं, उठणं, दाराकडे जाणं. ती संपल्यावर माझी क्लिप, पहिल्यापासून. बंद दार, ओसरी, ताटकळलेले काका. आता त्या दाराकडे बघताना आत काय चाललंय ते माहीत असतं. पहिल्यांदा मला ते दार कंटाळवाणं वाटलं होतं. या वेळी बघवेना.

फॅमिली ग्रुपवर ती टाकली नाही. सहा-सहा मिनिटं दोनदा कोण बघणार! आजीला दाखवली. देवघराशी ती फोन दोन्ही हातांत धरून बसली, मध्ये एकदा चष्मा पुसला. दाराची क्लिप सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, “हे तेव्हाचंच आहे ना?”

“हो आजी, तेव्हाचंच. मी बाहेर होतो.”

“किती वेळ उभे होतात रे तुम्ही सगळे,” ती म्हणाली, “मला आतून कळलंच नाही.”

ड्राइव्हवर आता चार फाइल आहेत: दोन मूळ क्लिप, दीड मिनिटाची एक आणि पूर्ण लांबीची एक. चारही नावांत तारीख घातली आहे. यातली एकही मी पुसणार नाही.